सांगली-मिरजेच्या मध्यस्थांनो, आधी कागद दाखवा, मग टोकन घ्या

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत जमीन, प्लॉट, फ्लॅटचे व्यवहार जमवणाऱ्या सर्व मध्यस्थांना

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत दिवाणी वकिली करते. खरेदीखतांचे मसुदे, सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या हक्काच्या तपासणीचे अहवाल), वाटपाचे दावे, संचकाराचे म्हणजे खरेदीच्या विसाराचे दावे हेच माझे रोजचे काम. त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी माझी ओळख आहे, काहींशी घरोबा आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात नंबर येईपर्यंत आपण एकत्र ताटकळलो आहोत, सर्व्हर बंद पडला की समोरच्या गाड्यावर एकत्र चहा घेतला आहे. हे पत्र तुमच्या विरोधात नाही. पण जे तुमच्यातल्या एकेकाला बाजूला घेऊन सांगत आले, ते आता सगळ्यांना मिळून, उघडपणे सांगावेसे वाटते.

मागणी अशी: टोकन घेण्याआधी कागद दाखवा. आणि ज्या व्यवहारात तुम्ही मोबदला घेता, त्या व्यवहाराच्या कागदावर तुमचे नाव मध्यस्थ म्हणून येऊ द्या.

आपल्याकडे सगळे उलट्या क्रमाने चालते. संध्याकाळी प्लॉट दाखवायचा, 'उद्या सकाळी दुसरी पार्टी येणार आहे' म्हणायचे, रात्री एक्कावन्न हजार घ्यायचे. आठ-पंधरा दिवसांत संचकारपत्र आणि चार-पाच लाख. वकिलाकडे फाईल येते ती त्यानंतर, बहुतेक वेळा बँक सर्च रिपोर्ट मागते म्हणून. मी सातबाऱ्याच्या इतर हक्कातली नोंद दाखवते आणि समोरचा माणूस माझ्याकडेच असा बघतो, जणू ती नोंद मीच घातली. "मॅडम, आता पैसे दिलेत, काहीतरी मार्ग काढा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की फाईल उघडतानाच ते कानात वाजायला लागते. पैसे दिल्यानंतर कोणालाच खरे ऐकायचे नसते. घेणाऱ्यालाही नाही. म्हणून खरे सांगायची वेळ टोकनच्या आधीची.

अलीकडे माझ्यासमोर आलेले एक संचकारपत्र सांगते. पाचशेचा स्टँप, तीन पाने, शेवटी नोटरीचा शिक्का. पहिल्या पानावर लिहून देणार, लिहून घेणार, गट नंबर, क्षेत्र एक गुंठा, चतुःसीमा. पूर्वेला 'रस्ता' म्हटले होते. मोजणीच्या नकाशात तिथे रस्ता नव्हता, शेजारच्या गटाचा बांध होता. दुसऱ्या पानावर आपल्या सगळ्यांना पाठ असलेले वाक्य: 'सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असून काही दोष अगर तक्रार निघाल्यास त्याचे निवारण लिहून देणार यांनी स्वखर्चाने करून द्यावयाचे आहे.' तिसऱ्या पानावर सह्या. त्या खाली साक्षीदार, दोन. पहिला साक्षीदार घेणाऱ्याचा मेव्हणा. दुसरा साक्षीदार तो, ज्याने प्लॉट दाखवला, भाव ठरवला, रक्कम मोजून दिली-घेतली, दोन्हीकडून दोन-दोन टक्के ठरवले. कागदापुरता तो वाटेने जाताना सही केलेला माणूस. तो कोणाच्या बाजूने काम करत होता, त्याला किती मिळाले, मिळकतीबद्दल त्याने काय सांगितले होते, यातले अवाक्षर कागदावर नाही. व्यवहार फिसकटला तेव्हा घेणाऱ्याकडे त्याच्याविरुद्ध दाखवायला काहीच नव्हते, आणि त्याच्याकडेही आपण खरे सांगितले होते हे दाखवायला काही नव्हते. ही दुसरी बाजूही लक्षात घ्या.

कायद्याने तुम्ही साक्षीदार नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे आणि त्यातले एक अख्खे प्रकरण तुमच्याबद्दल आहे. दुसऱ्यासाठी व्यवहार करणारा तो अभिकर्ता, म्हणजे एजंट. ज्याच्यासाठी करतो तो मालक. त्या मालकाच्या सूचनेप्रमाणे वागणे, धंद्यात अपेक्षित असलेली माहिती आणि काळजी वापरणे, हिशोब देणे, अडचण आली तर त्याला कळवून त्याचे म्हणणे घेणे ही कर्तव्ये कलम २११ ते २१४ मध्ये आहेत. त्यासाठी लेखी करार लागतो असेही नाही. तोंडी 'बघा की एखादं गिऱ्हाईक' म्हणाले आणि तुम्ही कामाला लागलात की नाते सुरू झाले. कलम २२० तर सरळ सांगते की ज्या भागात एजंटाने गैरवर्तन केले, त्या भागाचा मोबदला त्याला मागता येत नाही. आणि कलम २३८ प्रमाणे, तुम्ही कामाच्या ओघात केलेली फसवणूक मालकाने केल्यासारखीच धरली जाते. तुम्ही बोललेले खोटे ज्या शेतकऱ्याने तुमच्यावर विश्वास टाकला त्याच्या अंगावर येते. तुम्ही स्वतःही सुटत नाही. जाणूनबुजून दडवून पैसे द्यायला लावले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे, पूर्वीचे चारशेवीस.

विकणाऱ्याची जबाबदारी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहे. कलम ५५ म्हणते: मिळकतीत किंवा मालकी हक्कात जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. घेणाऱ्याने मागितले की हक्काचे कागद तपासायला दिले पाहिजेत. तुम्ही त्या विकणाऱ्याचा आवाज असता. त्याने सांगायचे ते तुमच्या तोंडून सांगितले जाते किंवा गिळले जाते.

आता आपल्या गावाकडे येते. सांगलीत महत्त्वाचा दोष म्हणजे काय, हे पुस्तकात शोधावे लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१ चा जुलै. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता ही नावे पावसाळ्यात आपल्याला वेगळी ऐकू येतात. शामरावनगरात तर नदी न चढताही पाणी साचून राहते. पण प्लॉट आणि घरे विकली जातात ती एप्रिल-मे मध्ये. पात्रात पाणी कमी, जमीन कोरडी खणखणीत, भिंतींना ताजा रंग.

जत तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. आयुष्य टँकरच्या पाण्यावर काढले, उतारवयात दवाखाना जवळ असावा म्हणून सांगलीत घर बघत होते. पसंत केलेले घर छान होते, दोन मजली, समोर आंब्याचे झाड. टोकन आणि संचकार देऊन झाल्यावर माझ्याकडे आले. बाईंचा आग्रह म्हणून मी घर बघायला गेले. हॉल, स्वयंपाकघर, सगळीकडे नवा पांढरा रंग. जिन्याखाली जुन्या मीटरची लाकडी पेटी होती, ती उघडली. आतल्या बाजूला, माझ्या खांद्याच्या वर, वाळलेल्या गाळाची आडवी रेघ. खालच्या फळीवर बोट फिरवले तर माती आली. पेटीच्या आत रंगवायचे राहून गेले होते. बाई त्या रेघेकडे बघत राहिल्या आणि मग यजमानांना एवढेच म्हणाल्या, "आपलं सामान कुठं ठेवायचं हो मग?"

तो व्यवहार जमवणारा तुमच्यातलाच एकजण. मी त्याचे नाव घेणार नाही, आणि त्याला वाईट माणूसही म्हणणार नाही. २०१९ ला त्याच गल्लीतून त्याने होडीने म्हातारीकोतारी माणसे बाहेर काढली होती. पाणी कुठवर आले होते हे त्याला कोणत्याही इंजिनियरपेक्षा चांगले ठाऊक. मी विचारले, सांगितले का नाही? तो म्हणाला, "त्यांनी विचारलं नाही." जतच्या माणसाने पुराबद्दल विचारायचे कुठून? त्याला पाणी यावे एवढीच चिंता आयुष्यभर होती. माहिती तुमच्याकडे आहे, म्हणूनच तर तो तुमच्याकडे आला.

निळी रेषा आणि लाल रेषा हा विषय आता गप्पांचा राहिलेला नाही. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदाची लाल. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत गावठाणासारखे काही अपवाद सोडले तर निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम मंजूर होत नाही; निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर होते. म्हणजे निळ्या रेषेतला प्लॉट घेणाऱ्याने घरासाठी पैसे मोजले आणि त्याच्या हातात वैरण लावायची जागा आली. झोन दाखला आणि भाग नकाशा महापालिकेतून किंवा नगररचना कार्यालयातून रीतसर अर्ज करून मिळतो. तो तुमच्या फाईलमध्ये आधीपासून असला पाहिजे. आणि नकाशा काहीही म्हणो, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले पाणी वेगळे सांगा. 'इथे २०१९ ला कंबरभर होते, २०२१ ला आले नाही.' एवढे एक वाक्य, लिहून. भाव थोडा उतरेल. पुराच्या जागेचा भाव पुराच्या जागेसारखाच असायला हवा. घेणारे तरीही असतात, वर मजला बांधून राहणारे, भाड्याला देणारे, ज्यांची दुकाने तिथेच आहेत असे. ते माहीत असून घेतात आणि कोणाला बोल लावत नाहीत.

दुसरा आपला सांगलीचा खास विषय गुंठेवारी. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ ला झाली, पण त्याआधीपासून शेताचे तुकडे पाडून गुंठा-दोन गुंठे विकणे चालू होते, अजून चालू आहे. कष्टकऱ्यांना परवडणारी घरे त्यातूनच उभी राहिली, हे मी नाकारत नाही. २००१ चा गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा याच माणसांसाठी झाला आणि २०२१ मधल्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे तुकडे त्यात आले. पण तुम्ही प्लॉट दाखवताना म्हणता, 'गुंठेवारी होऊन जाईल.' होऊन जाईल आणि झाली आहे यांत एका कुटुंबाची आयुष्यभराची बचत अडकलेली असते. नियमित झाल्याचे प्रमाणपत्र हातात असेल तर ते दाखवा. नसेल तर नाही म्हणा. आरक्षणातला प्लॉट, ओढ्याच्या पात्रातला प्लॉट नियमित होईल अशी हमी द्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे नियमही गेल्या काही वर्षांत वरचेवर बदलले आहेत, त्यामुळे मागच्या वर्षीच्या व्यवहाराचा दाखला देऊन या वर्षीचा खपवू नका. तालुक्याला जाऊन आजची स्थिती विचारा.

गुंठेवारीतच नोटरीची 'खरेदी' फार. साहेब, ताई, हे स्पष्ट लिहिते: नोटरीचा शिक्का म्हणजे खरेदी नव्हे. शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय विकली जात नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ आणि १९०८ चा नोंदणी अधिनियम दोन्ही तेच सांगतात. दस्त झाला की तो नोंदणीला हजर करायला चार महिन्यांची मुदत असते. संचकारपत्राने किंवा साठेखताने मिळकतीत कोणताही हक्क येत नाही. पुढे खरेदीखत करून मागण्याचा हक्क तेवढा येतो. वटमुखत्यारपत्र घेऊन विक्री पुरी झाली असे समजणेही चूक आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात ते ठामपणे सांगितले. नोटरी केलेल्या कागदावर घर बांधून राहिलेली माणसे माझ्याकडे येतात तेव्हा मूळ मालक वारलेला असतो, सातबाऱ्यावर त्याच्या नातवंडांची नावे लागलेली असतात आणि गुंठ्याचा भाव दसपट झालेला असतो. त्या नातवंडांना त्या कागदाशी काही देणेघेणे नसते.

बहिणींच्या हक्काबद्दल फार लिहीत नाही, कारण ते तुम्हाला माहीत आहे. माहीत असूनच 'त्या सह्या देतील, भाऊबीजेला येतात' असे तुम्ही सांगता. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि त्यावरचा २०२० चा विनीता शर्मा निकाल यांनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाइतकीच वाटेकरी आहे. तिची नोंदणीकृत हक्कसोड झालेली नसेल तर तिची सही लागणार. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही असे नसते. फेरफार महसूल गोळा करण्यासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन), कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा, पुनर्वसनाचा शेरा हेही तसेच. वारणेच्या आणि कोयनेच्या धरणग्रस्तांना मिळालेल्या कितीतरी जमिनी आपल्या जिल्ह्यात आहेत आणि त्या परवानगीशिवाय विकता येतील असे गृहीत धरून चालत नाही. शेतजमीन घेणारा शेतकरी आहे का, हेही टोकनच्या आधी विचारायचे असते. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही.

आता जो भाग लिहिताना मला सर्वांत जड जाते तो. 'मालकाच्या हातात एवढे, वरचे आपले.'

मालक बहुतेक वेळा वयस्कर असतो. मुले पुण्याला. त्याला तुम्ही सांगता, गुंठ्याला चार लाखांच्या वर कोणी द्यायला तयार नाही. घेणाऱ्याला सांगता, पाचाच्या खाली मालक उतरत नाही. दोघांची गाठ नोंदणीच्या दिवसापर्यंत पडू देत नाही. वरचे लाख रोख घेता, आणि शिवाय दोघांकडून टक्का घेता. धंद्यात हे इतके रुळले आहे की त्यात काही वावगे आहे असे नव्याने आलेल्या पोरांना वाटतही नाही. पण करार अधिनियमाच्या कलम २१५ आणि २१६ मध्ये नेमके हेच आहे: मालकाला न सांगता एजंटाने त्याच्या कामात स्वतःचा व्यवहार साधला, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो, आणि त्यातून एजंटाला झालेला फायदा मालक आपला म्हणून मागू शकतो. तो वरचा लाख तुमचा नाही, त्या म्हाताऱ्याचा आहे.

घेणाराही यात बुडतो. वरचे पैसे कुठेच लिहिलेले नसतात. व्यवहार मोडला तर त्याला दाव्यात मागता येते ती कागदावरची रक्कम. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्याने २०१५ पासून बंदी आहे, आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्या हाताला, म्हणजे विकणाऱ्याला. तुमच्या सोयीसाठी रोख घेतलेला संचकार त्या शेतकऱ्याच्या नावावर दंड होऊन येऊ शकतो, हे त्याला कधी सांगितले आहे का?

टक्का जास्त हवा असेल तर जास्त मागा. दोन टक्के कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाहीत; तो ठरावाचा भाग आहे. दोन्हीकडून घ्यायचा असेल तर दोघांनाही सांगून घ्या. कष्टाचा मोबदला उघड मागायला लाज कसली? उन्हातान्हात दहा जणांना जागा दाखवून एकाचा व्यवहार होतो, पेट्रोल तुमचे, फोन तुमचे, हे मी रोज बघते.

विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक हा तुमचा मोठा ग्राहक. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगलेली ही माणसे यात्रेला आठ दिवस गावी येतात आणि त्या आठ दिवसांत सांगलीत किंवा विट्यात जागा बघतात. बाकीचे वर्षभर त्यांचा सगळा भरवसा तुमच्या फोनवर. व्हिडिओ कॉलवर प्लॉट दाखवला, पैसे टाकले. पुढे मुदत वाढते. 'मोजणी व्हायचीय', 'मालक आजारी आहे', 'मी आहे ना, काळजी करू नका.' यात करारातली तारीख निघून जाते आणि त्या तारखेपासून तीन वर्षांत दावा केला नाही तर करारपूर्तीचा हक्क मुदतबाह्य होतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षे. शिवाय उरलेले पैसे देऊन खरेदी करायला आपण कायम तयार होतो हे त्यांना दाखवावे लागते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ मध्ये झालेल्या बदलाने घेणाऱ्याची बाजू मजबूत केली, पण वेळेत आलेल्या घेणाऱ्याची. तुमच्या 'मी आहे ना'ला न्यायालयात किंमत नाही. मुदत वाढवायची तर दोघांच्या सहीचा कागद करा, त्याचा फोटो त्या माणसाला पाठवा. पाच मिनिटांचे काम आहे.

संचकारपत्रातच काही गोष्टी नीट घातल्या तर निम्मे दावे टळतील. हक्कात दोष निघाला तर रक्कम किती दिवसांत, कशी परत. घेणाऱ्याने विनाकारण माघार घेतली तर किती रक्कम जाणार. सगळीच जप्त, असे लिहून चालत नाही. करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. मोजणी, बिगरशेती, बहिणींच्या सह्या कोणी आणि कधीपर्यंत आणायच्या. ताबा कधी. ताबा आधीच द्यायचा असेल तर मुद्रांक खरेदीखताइतका लागतो आणि तो करार नोंदवला नाही तर २००१ नंतर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३अ चे, म्हणजे ताब्याचे, संरक्षण मिळत नाही. हे मसुदे तुम्ही स्वतः भरू नका. मागच्या व्यवहाराचा कागद घेऊन नावे बदलायची ही पद्धत सोडा. मी असे संचकारपत्र पाहिले आहे ज्यात मिळकत कुपवाडची आणि चतुःसीमा तासगावच्या द्राक्षबागेची होती.

नव्या प्रकल्पांचे काम करणाऱ्यांना रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, लागू आहे. २०१६ च्या या कायद्याने नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर किंवा प्लॉट विकायला मदत करायची नाही, स्वतःची एजंट म्हणून नोंदणी करायची, प्रत्येक व्यवहारात तो क्रमांक द्यायचा, हिशोबाची वही ठेवायची आणि ग्राहकाला मिळायला हवेत ते सर्व कागद मिळतील असे बघायचे, ही कामे तुमच्यावर टाकली आहेत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठेसुद्धा पुरते नाहीत. म्हणजे तुम्ही ज्या 'छोट्या' लेआउटची पत्रके वाटता त्यातले बहुतेक यात येतात. एजंटाला रोज दहा हजार, मिळकतीच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 'वीस टक्के भरा, मग ॲग्रीमेंट करू' असे तुमच्याच तोंडून वदवले जाते, ते बंद करा. महारेराने आता एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. तुमच्यातल्या ज्यांनी ती दिली त्यांचे मला कौतुक आहे. पन्नाशीत पुस्तक उघडून परीक्षा देणे सोपे नसते.

पण जुने घर, सुटा प्लॉट, शेतजमीन यांच्या व्यवहारांना रेराची ही नोंदणी लागत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात असे व्यवहार कितीतरी. तिथे तुमच्यावर लक्ष ठेवणारे कोणी नाही. १८७२ चा करार कायदा आहे, पण तो दावा दाखल झाल्यावर जागा होतो. म्हणून हे पत्र कोणत्या अधिकाऱ्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. तिथला नियम तुम्हीच घालू शकता.

लेखी कामाने तुमचेही भले आहे. दोन्ही पार्ट्या तुमच्यामागे परस्पर भेटतात, व्यवहार पुरा करतात आणि तुम्हाला चहासुद्धा विचारत नाहीत, अशी तक्रार घेऊन तुम्ही माझ्याकडे येता. तोंडी करार कायद्याला चालतो, पण सिद्ध करायचा कसा? मेहनताना ठरल्याची एक ओळ मालकाच्या सहीने असती तर नोटीस पाठवून चार दिवसांत पैसे मिळाले असते.

तर विनंती नेमकी अशी. टोकनच्या आधी घेणाऱ्याच्या हातात एक पान द्या. त्यावर मिळकतीचा आजचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका जोडा. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. मागचे फेरफार जोडा. झोन दाखला, पूररेषा, आणि तुम्ही पाहिलेले पाणी लिहा. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन किंवा गुंठेवारी प्रमाणपत्र असेल तर जोडा, नसेल तर 'नाही' असे लिहा. वारस कोण कोण, कोणाची सही यायची आहे. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा. कोर्टात काही चालू आहे का, ते ई-कोर्टवर नावाने फुकट बघता येते. शेवटी: मी अमुक यांच्या वतीने काम करतो, माझा मोबदला इतका, तो अमुक यांच्याकडून घेणार. खाली 'मध्यस्थ' म्हणून सही आणि तारीख. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहायला हरकत नाही. त्याने तुमची जबाबदारी कमी होते, वाढत नाही.

हे पान मी मराठीत तयार केले आहे. कोर्टाचे कामकाज सुरू व्हायच्या आधी मी विजयनगरला न्यायालयाच्या आवारात असते. ज्यांना हवे त्यांनी येऊन प्रत घेऊन जावी, फी नाही. गावोगावी तुमच्या धंद्यातल्या पाच-दहा जणांना एकत्र जमवलेत तर मी येऊन समजावून सांगेन, सुट्टीच्या दिवशीही. मसुद्यात काही अव्यवहार्य वाटले तर सांगा, आपण बदलू. आणि पुढच्या वेळी माझ्याकडे फाईल पाठवाल तेव्हा एवढे बघा, की टोकन अजून दिलेले नाही.

आपली,
सांगलीतील एक वकील